मूर्तीचा तोल

मुंबईहून कोकणात जाताना पनवेल मागे पडले, की डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या सपाट भातजमिनीत, भोगावती नदीच्या काठी, पेण हे गाव लागते. ज्या रायगड जिल्ह्यात ते आहे, त्याला १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा म्हणत. जिल्ह्याचे नाव बदलले, पण पेणची ओळख बदलली नाही. गणपतीच्या मूर्ती म्हटले, की आजही प्रथम पेणचे नाव निघते. पेण शहर आणि शेजारची हमरापूर, जोहे यांसारखी गावे येथे जवळजवळ बारा महिने मूर्ती घडत असतात. येथून त्या मुंबई-पुण्याला जातात आणि समुद्रापार, परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांच्या घरीही पोहोचतात.

मूर्तींच्या एखाद्या कारखान्यात पावसाळ्यापूर्वी डोकावले, तर फळ्यांच्या उंच मांडण्यांवर रंग न दिलेल्या शेकडो मूर्ती ओळीने मांडलेल्या दिसतात. कोणी मांडी घालून बसलेली, कोणी लोडाला टेकलेली, तर कोणी एक पाय उचलून नृत्याच्या आविर्भावात उभी. त्यांना कशाने बांधलेले नसते. खालून माणसे ये-जा करतात, फळ्या हादरतात, तरी मूर्ती आपापल्या जागी असतात. त्या तशा राहिल्याच पाहिजेत. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही. सोंडेचे टोक किंवा हाताचे एखादे बोट जरी उडाले, तरी माती मळण्यापासून डोळ्यांच्या आखणीपर्यंतचे सारे श्रम वाया जाण्याची भीती असते. म्हणून मूर्तीची बैठक कशी असावी, हे येथील कारागिराच्या हाताला पक्के ठाऊक असते. ती बैठक पक्की का होते, हे मात्र कोणालाही घरच्या घरी, फारसा खर्च न करता, पडताळून पाहता येते.

प्रारंभ एका पळीपासून करावा. दोन्ही हातांच्या तर्जनी एकमेकींपासून दूर धरून त्यांवर लांब दांड्याची पळी आडवी ठेवावी आणि बोटे सावकाश एकमेकींकडे सरकवावीत. एक चमत्कारिक गोष्ट दिसते. दोन्ही बोटे एकदम सरकत नाहीत. आधी एक सरकते, मग ते थांबते आणि दुसरे सरकू लागते. ज्या बोटावर पळीचा भार अधिक, तेथे घर्षण अधिक, म्हणून ते अडते. कमी भाराचे बोट पुढे येते. असे आळीपाळीने सरकत अखेर दोन्ही बोटे एका जागी येऊन मिळतात. आता एक बोट काढून घेतले, तरी पळी दुसऱ्या बोटावर आडवी राहते. डोळे मिटून केले, तरी बोटे त्याच जागी मिळतात. जणू पळीचे सारे वजन त्या एका बिंदूत गोळा झाले आहे. या बिंदूस गुरुत्वमध्य असे म्हणतात.

पळीचा हा बिंदू दांड्याच्या मधोमध नसतो. तो वाटीच्या बाजूला बराच सरकलेला असतो. येथे पुष्कळांचा एक गैरसमज होतो. ज्याअर्थी पळी त्या ठिकाणी तोलली जाते, त्याअर्थी तिच्या दोन्ही बाजूंचे वजन सारखेच असले पाहिजे, असे त्यांना वाटते. तसे नसते. वाटीकडची बाजू आखूड आणि जड असते, दांड्याकडची लांब आणि हलकी. तोलाच्या हिशेबात नुसते वजन धरून चालत नाही, ते आधारापासून किती दूर आहे हेही धरावे लागते. एक फुटपट्टी मधोमध पेन्सिलीवर आडवी तोलून धरावी. तिच्या एका बाजूस मध्यापासून ८ सेंटिमीटरवर ३ सारखी नाणी आणि दुसऱ्या बाजूस १२ सेंटिमीटरवर तसलीच २ नाणी ठेवावीत. पट्टी समतोल राहील, कारण तीन अठ्ठे चोवीस आणि दोन बारे चोवीस. कावडीने पाणी वाहणारा माणूस हाच हिशेब कागद-पेन्सिलीवाचून करतो. पुढची घागर अधिक भरली असेल, तर तो कावड थोडी मागे ओढून घेतो, म्हणजे जड घागर खांद्याच्या जवळ येते. बैलगाडीत माल मागे फार झाला, की जू वर उचलले जाऊन गाडी उलार होते. मग गाडीवान एखाददुसरे पोते पुढे सरकवतो. तीही हीच युक्ती होय.

पळी लांबट असल्याने तिचा गुरुत्वमध्य बोटांनी शोधता आला. वेड्यावाकड्या आकाराचा तो कसा शोधावा? त्यासाठी गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. जाड पुठ्ठ्यावर गणपतीची बाह्याकृती काढून ती कापून घ्यावी. मोठे कान, बाजूला वळलेली सोंड, सुटलेले पोट आणि पसरलेली मांडी, अशी ती असावी. एक कान दुसऱ्याहून मोठा झाला, तरी बिघडत नाही. आकृती जितकी बेढब, तितका प्रयोग रंगतो. तिच्या कडेजवळ तीन ठिकाणी, एकमेकांपासून दूर, छिद्रे पाडावीत. एका दोऱ्याच्या टोकाला लहानसा दगड बांधून ओळंबा करावा. भिंतीत ठोकलेल्या बारीक खिळ्यावर पहिल्या छिद्रातून आकृती अडकवावी. ती मोकळी हलली पाहिजे. त्याच खिळ्यावर ओळंबाही अडकवावा. दोन्ही स्थिर झाले, की दोऱ्यामागून पुठ्ठ्यावर रेघ आखावी. मग दुसऱ्या छिद्रातून आकृती टांगून दुसरी रेघ आखावी. या दोन रेघा एके ठिकाणी एकमेकींना छेदतात. तिसऱ्या छिद्रातून टांगून तिसरी रेघ आखली, की तीही त्याच बिंदूतून जाते. न गेल्यास छिद्र घट्ट झाले आहे असे समजावे आणि ते थोडे मोठे करून पुन्हा पाहावे.

असे का होते? टांगलेली वस्तू आपला गुरुत्वमध्य जितका खाली नेता येईल तितका नेते आणि तेथेच स्थिर होते. म्हणून तो बरोबर खिळ्याखाली, ओळंब्याच्या रेघेवर, येतो. रेघा कितीही आखल्या, तरी तो प्रत्येकीवर असणारच. आता पुठ्ठा आडवा करून तो बिंदू पेन्सिलीच्या बोथट टोकावर ठेवावा. संपूर्ण गणपती एका टोकावर तोलून राहतो. याच रीतीने पुठ्ठ्याचा एक त्रिकोणही करून पाहावा. प्रत्येक शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत रेषा काढल्या, तर त्या तीन मध्यगा जेथे मिळतात, तेथेच त्याचा गुरुत्वमध्य सापडतो. ही गोष्ट आर्किमिडीज या ग्रीक गणितज्ञाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिद्ध करून ठेवली आहे. बांगडीचा गुरुत्वमध्य तर तिच्या मधल्या पोकळीत असतो, म्हणजे जेथे बांगडीचा कणही नाही तेथे! तेव्हा गुरुत्वमध्य ही वस्तूतील एखादी गाठ नव्हे. ती हिशेबाने ठरणारी जागा आहे.

खरी मूर्ती पुठ्ठ्यासारखी सपाट नसते, आणि तिच्या पोटात दोरा सोडता येत नाही. पण नियम तोच. तिच्या गुरुत्वमध्यातून एक ओळंबा खाली सोडला आहे, अशी कल्पना करावी. तो ओळंबा मूर्तीच्या बुडाच्या आत पडतो, तोवर मूर्ती उभी राहील. तो बुडाच्या कडेबाहेर गेला, की मूर्ती कलंडेल. एवढ्या एका नियमात तोलाचे बहुतेक सारे शास्त्र आले आहे.

याची प्रचीती पाहण्यासाठी एक रिकामी काडेपेटी घ्यावी आणि तिच्यात एका टोकाला ओल्या मातीचा गोळा दाबून बसवावा. माती नसल्यास कणीकही चालेल. पाटावर खरखरीत कापड पसरून त्यावर ही पेटी उभी करावी. मातीचे टोक खाली असावे. मग पाटाची एक कड हळूहळू उचलावी. पेटी बराच वेळ तग धरते. आता पेटी उलटी करून मातीचे टोक वर ठेवावे. या वेळी पाट थोडासा उचलताच ती कोसळते. पेटी तीच, माती तीच, वजनही तेच. बदलली ती फक्त गुरुत्वमध्याची उंची.

हेच आकड्यांत असे सांगता येईल. एका मूर्तीचे बूड पुढून मागे ३० सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य बरोबर मधोमध, २० सेंटिमीटर उंचीवर आहे, असे धरू. ती सुमारे ३७ अंश कलल्याखेरीज पडणार नाही. तोच गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटर उंचीवर असता, तर अवघ्या २७ अंशांच्या आसपास ती कलंडली असती. गणपतीचे पारंपरिक रूप या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पसरलेली मांडी म्हणजे रुंद बूड, आणि मोठे पोट म्हणजे खाली आणलेले वजन. ते रूप तोलासाठी योजले, असे म्हणता येणार नाही. त्याची कारणे पुराणांत शोधावी लागतील. पण त्या रूपाने मूर्तिकाराचे काम सोपे केले आहे, यात शंका नाही.

नृत्य करणारा गणपती मात्र त्याची परीक्षा घेतो. सारे शरीर एका पावलावर, आणि पाऊल ते केवढे! तेवढ्याशा जागेतच ओळंबा पडला पाहिजे. एक हात डावीकडे पसरला, तर सोंड किंवा उचललेला पाय उजवीकडे हवा. तरीही धोका उरतोच. म्हणून उपरण्याचा पदर खाली आणून पाटाला टेकवतात किंवा पाठीशी प्रभावळ उभी करतात. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते. वास्तविक तो दुसरा पाय असतो. कारण वस्तूचे बूड म्हणजे केवळ जमिनीला टेकलेला भाग नव्हे. टेकलेल्या सर्व बिंदूंभोवती दोरी ताणून गुंडाळली, तर जेवढी जागा तिच्या आत येईल, तेवढे बूड धरावयाचे. तिपाईचे पाय बारीक असतात, पण तिचे बूड त्या तीन पायांमधला पूर्ण त्रिकोण असते. म्हाताऱ्या माणसाच्या हातात काठी आली, की त्याचेही बूड असेच रुंदावते. तीन टेकूंचा आणखी एक गुण आहे. जमीन कितीही उंचसखल असली, तरी तीन पाय टेकतातच. चौथा मात्र अधांतरी राहू शकतो. तीन दगडांची चूल कधी डुगडुगत नाही, आणि चार पायांच्या चौरंगाखाली ऐन चतुर्थीच्या सकाळी कागदाची घडी सारावी लागते, ती यामुळेच.

मूर्तीच्या बाबतीत तोलाइतकाच बळकटीचाही प्रश्न असतो. शाडूची माती किंवा प्लास्टर यांना दाब सोसतो. ताण आणि वाक सोसत नाही. नृत्यमूर्तीचा ओळंबा पावलात पडला, तरी सारा भार घोट्यावर येतो, आणि मूर्ती हलली की घोटा वाकू पाहतो. प्लास्टरमध्ये काथ्या घालतात तो अशा ताणासाठी. शाडूच्या मूर्तीची ओली माती स्वतःच्याच भाराने खाली बसते, म्हणून तिला वाळण्यास अवधी द्यावा लागतो. पावसाळी हवेत माती लवकर सुकत नाही, हे कारागिराचे नेहमीचे दुखणे आहे.

तयार मूर्ती गाडीत चढल्या, की तोलाची खरी कसोटी लागते. उभ्या गाडीत जी मूर्ती स्वस्थ बसली आहे, तिला वळणावर बाहेरच्या बाजूला रेटल्यासारखे होते. गाडी वळते, पण मूर्ती आपल्या सरळ मार्गाने जाऊ पाहते. म्हणून मूर्तींच्या भोवती पेंढा दाबून भरतात. पेंढा धक्के तर खातोच, शिवाय तो मूर्तीला चारी बाजूंनी टेकू देतो.

याच अडचणीवर रेल्वेने वेगळा उपाय योजला आहे. पेणवरून जाणारा लोहमार्ग पुढे रोह्याला पोहोचतो, आणि रोहा हे कोकण रेल्वेचे उत्तरेकडचे टोक आहे. तेथून दक्षिणेकडे डोंगर, बोगदे आणि वळणे यांमधून ७०० किलोमीटरांहून लांब असा हा मार्ग मंगळूरच्या अलीकडे तोकूरपर्यंत जातो. वळणावर नीट पाहिले, तर बाहेरच्या बाजूचा रूळ आतल्या रुळापेक्षा किंचित उंच बसवलेला दिसतो. त्यामुळे डबा वळणाच्या आतल्या बाजूला जरासा कलतो आणि बाहेरचा रेटा दोन्ही रुळांवर वाटला जातो. सायकलस्वार वळताना आत झुकतो, तसेच हे आहे.

रोह्याच्या अंगावरून कुंडलिका नदी वाहते. वरच्या अंगास भिरा येथे टाटांचे जलविद्युत केंद्र आहे. ते १९२७ साली सुरू झाले. वीज निर्माण करून झाल्यावर सोडलेले पाणी नदीत आले, की रोहे तालुक्यातच कोलाडजवळ हौशी लोक रबरी तराफ्यांतून उसळत्या प्रवाहात उतरतात. तराफा खळाळात शिरण्यापूर्वी वाटाड्या सर्वांना खाली बसावयास सांगतो. माणसे काठावरून तळाशी आली, की तराफ्याचा आणि माणसांचा मिळून गुरुत्वमध्य खाली येतो. तरंगणाऱ्या वस्तूचा हिशेब जमिनीवरच्या वस्तूहून थोडा निराळा असतो, कारण तिला वर उचलून धरणारा पाण्याचा रेटाही ती कलताच आपली जागा बदलतो. परंतु वजन जितके खाली, तितकी नाव सुरक्षित, हे दोन्हीकडे खरे आहे. नावेत उभे राहून एकमेकांच्या अंगावर पाणी उडविणारी मुले नेमके याच्या उलट करतात, आणि त्यामुळे दरवर्षी कोठे ना कोठे प्राण जातात.

माणसाचे शरीर तर क्षणोक्षणी हा तोल सांभाळीत असते, पण ते ध्यानात येत नाही. ते पाहावयाचे असेल, तर टाचा आणि पाठ भिंतीला चिकटवून उभे राहावे, पायांपुढे फूटभर अंतरावर एक नाणे ठेवावे, आणि गुडघे न वाकवता व टाचा न हलवता ते उचलण्याचा प्रयत्न करावा. धडधाकट माणसालाही ते जमत नाही. एरव्ही माणूस पुढे वाकतो तेव्हा त्याची कंबर आपोआप मागे जाते आणि ओळंबा पावलांत राहतो. भिंतीने कंबरेची वाट अडवली, की तोल गेलाच. कमरेवर भरलेली कळशी घेतलेली स्त्री दुसऱ्या बाजूला झुकून मोकळा हात लांब करते, तोही याच कारणाने.

आता राहिला एक प्रयोग. तो सर्वांत शेवटी करावा, कारण त्याला वेळ लागतो आणि तो सोडवत नाही. नारळाची करवंटी घ्यावी. डोळे नसलेली, गोल बुडाची. ती रिकामी ठेवली तरी डुलते. तिच्या तळाशी मधोमध ओल्या मातीचा थर दाबावा आणि मातीत एक सरळ बांबूची काडी उभी रोवावी. माती सुकली, की करवंटी आडवी करून सोडावी. ती झोके घेत उठून उभी राहते. तंजावरच्या डोलणाऱ्या बाहुल्या याच तत्त्वावर उभ्या राहतात. एरव्ही बिनबुडाचे भांडे गडगडते, पण येथे बुडाची गोलाईच कामी येते. करवंटी कलली की तिचा जड तळ बाजूला सरून वर उचलला जातो, आणि तो पुन्हा खाली येऊ पाहतो.

मग मातीची एक गोळी काडीत ओवावी आणि ती थोडी थोडी वर सरकवावी. प्रत्येक वेळी करवंटी कलती करून सोडून पाहावी. गोळी खाली असेतो ती झटकन उठते. गोळी वर जाऊ लागली, की तिचे उठणे मंदावते. गोळी टोकाला नेली, की ती आडवी पडते, ती पडूनच राहते. या दोहोंच्या मध्ये एक जागा अशी असते, की तेथे गोळी ठेवल्यास करवंटी उठतही नाही आणि पडतही नाही. जशी कलती ठेवावी, जवळजवळ तशीच राहते. ही जागा केसभर इकडे-तिकडे झाली तरी निसटते. हलक्या हाताने गोळी सरकवीत गेल्यास ती सापडते.